थीम पार्कची सहल आणि मुक्कामाचं गणित : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दसऱ्याच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, 12 आणि 6 वर्षांची मुलं आणि सासूबाई (वय 71, गुडघे दुखतात). गाडी घरची. पार्काला लागून असलेलं हॉटेल महाग वाटतं. लोणावळ्यात राहावं, की पुण्यात कोथरूडला नणंद असते तिच्याकडेच दोन रात्री काढाव्यात? (गृहिणी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : एक रात्र नणंदेकडे काढा आणि एक पार्काशेजारी. कुठली आधी आणि कुठली नंतर, यावर मात्र सगळं अवलंबून आहे.

बहुतेक कुटुंबं आदल्या रात्री पार्काजवळ उतरतात, म्हणजे सकाळी ताजंतवानं आत जाता येईल. पण आपल्याकडचे पार्क सकाळी साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत. हॉटेलची खोलीही त्याच सुमाराला, म्हणजे अकराला, सोडावी लागते. दुपारी दोनला सासूबाईंचे गुडघे बोलू लागतात, धाकटा पेंगायला लागतो, आणि तेव्हा तुमच्याकडे खोलीच नसते. संध्याकाळी ओल्या कपड्यांच्या पिशव्या आणि झोपलेली मुलं घेऊन घाट चढायचा, तोही दिवसभर उन्हात फिरलेल्या चालकाने.

म्हणून खोली पार्काच्या दिवसाची, म्हणजे पार्कानंतरच्या रात्रीची घ्या. बेळगाव ते पुणे साधारण 340 किलोमीटर. कागल ते साताऱ्यादरम्यान सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते लागतात, म्हणून सात तास धरा. सकाळी सातला निघालात तर दुपारच्या चहाला नणंदेकडे. दुसऱ्या दिवशी आठला कोथरूड सोडा, एक्सप्रेसवेने घाट उतरा आणि खालापूर टोलनाक्याजवळ बाहेर पडून खोपोली-पाली रस्त्याला लागा. साडेदहापर्यंत हॉटेलवर पोहोचाल. खोली तेव्हा मिळणार नाही, पण सामान स्वागतकक्षात ठेवून घेतात. दोन-तीनला खोली ताब्यात येते, नेमकी सासूबाईंना पाठ टेकायची असते त्या वेळी. भाडं एकाच रात्रीचं, आणि त्यात दुपार आणि रात्र दोन्ही मिळतात. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून सरळ बेळगाव, सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. पण तोवर चालकाची झोप झालेली असते.

त्याआधी सासूबाईंना एकदा मोकळेपणाने विचारा. पार्कात दिवसाला सहज सात-आठ किलोमीटर चालणं होतं. त्यांना लेकीकडेच दोन दिवस राहायला आवडणार असेल तर तसं करा आणि परतताना पुण्यात शिरून त्यांना घ्या. नातवंडांबरोबर यायचंच असेल, तर पार्काला लागून असलेल्या हॉटेलचे जास्तीचे पैसे त्यांच्यासाठी आहेत असं समजा. ते सार्थकी लागतील.

लोणावळा वाईट नाही. खोपोली घाटाखाली, कोकणातली दमट हवा. बेळगावकराला, साडेसातशे मीटरवरच्या हवेची सवय असल्यामुळे, ऑक्टोबरचं ऊन तिथे फार लागतं. लोणावळ्याच्या रात्री बऱ्याच गार असतात. पण पार्क सुटल्यावर घाट चढावा लागतो आणि दुपारी सासूबाईंना खोलीवर सोडून यायचं म्हटलं तर दीड-दोन तास जातात. शुक्रवार-शनिवारी दरही चढे असतात. मुलं मोठी आणि सगळे धडधाकट असतील तर लोणावळा घ्या. तुमच्यासाठी नको.

फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. त्याच तिकिटावर दुपारी बाहेर जाऊन परत आत येता येतं का? हातावर शिक्का मारतात की पट्टा बांधतात? परत आत येता येत नसेल तर सासूबाईंचं तिकीट काढायचं का, हेच आधी ठरवा. न्हाणीघरात टब आहे की सपाट जमिनीवर शॉवर? गुडघेदुखी असलेल्याला टबात पाय उचलून ठेवणं आणि ओल्या पायाने बाहेर येणं धोक्याचं. तिसऱ्या मोठ्या माणसासाठी गादी मिळते की पलंग? खाली टाकलेल्या गादीवरून त्यांना उठता येणार नाही. शिवाय 12 वर्षांच्या मुलाला ते मूल धरतात की मोठा माणूस? ही रेघ हॉटेलागणिक बदलते आणि नाश्त्याचा हिशोब त्यावर होतो.

सुट्टीचा एक फायदा आपल्या सीमाभागालाच मिळतो. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीला. आपली मुलं मोकळी असतात तेव्हा पुण्या-मुंबईची मुलं वर्गात. दसरा आणि शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवारातला दिवस धरलात तर खोल्याही स्वस्त आणि रांगाही आखूड. एप्रिलच्या मध्यालाही तसंच, आपली उन्हाळी सुट्टी लागलेली असते आणि तिकडे परीक्षा चालू असतात.

प्रश्न : बेंगळुरूजवळच्या वंडरलाला रेल्वेने जायचंय. आम्ही चौघं, मुलं 9 आणि 5 वर्षांची. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी पोहोचून त्याच दिवशी पार्क केला तर एका हॉटेलचे पैसे वाचतील का? की पार्काजवळ बिडदीलाच राहावं? (शिक्षक, खानापूर)

उत्तर : पोहोचल्या दिवशी पार्क करू नका. गाडी पहाटे-सकाळी उतरवते, पार्क अकराच्या सुमाराला उघडतो, आणि मधले चार-पाच तास फलाटावर गेलेली मुलं दुपारी तीनला कोमेजतात. पाण्याच्या खेळांची खरी वेळ तीच असते.

पहिला दिवस मॅजेस्टिक-गांधीनगर भागात काढा. तिथल्या काही लॉजमध्ये 24 तासांचा हिशोब असतो. सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सोडायची. रेल्वेने येणाऱ्याला हेच सोयीचं, कारण दुपारी बाराच्या हिशोबात सकाळचे तास वाया जातात किंवा जास्तीचे पैसे पडतात. खोली घेतानाच ‘24 तास का?’ असं विचारून पावतीवर वेळ लिहून घ्या. स्थानकात विश्रामगृहंही आहेत, तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळतात, पण सुट्टीत लवकर भरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगोळ्ळी रायण्णा रेल्वे स्थानकातूनच मेट्रोची जांभळी मार्गिका पकडा (रायण्णांचं संगोळ्ळी आपल्याच जिल्ह्यातलं, मुलांना सांगा). शेवटच्या चल्लघट्टापर्यंत जाऊन पुढे बिडदीपर्यंत बस किंवा टॅक्सी. रिक्षाने जात असाल तर लक्षात ठेवा, म्हैसूर एक्सप्रेसवेच्या मुख्य मार्गिकेवर रिक्षांना बंदी आहे. त्या बाजूच्या सेवा रस्त्यानेच जातात आणि वेळ दुप्पट लागतो. पार्क उघडण्याआधी बिडदी गावात तट्टे इडली खाऊन घ्या. बशीएवढी एक इडली मुलाला पुरते आणि आतल्या महागड्या नाश्त्याची गरज राहत नाही.

आता बिडदीला राहावं का? वंडरलाच्या आवारात त्यांचं स्वतःचं रिसॉर्ट आहे. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत काही काम नसेल आणि 5 वर्षांचं मूल दुपारी झोपणारं असेल तर तिथे एक रात्र घ्या, पार्काच्या दिवसाचीच. मूल दिवसभर टिकणारं असेल तर नको. पार्क संध्याकाळी सहाच्या सुमाराला बंद होतो. तिथेच अंघोळ करून कपडे बदलून शहरात परता आणि रात्रीची गाडी धरा. म्हैसूर रस्त्यावर संध्याकाळी केंगेरीपासून पुढे वाहनं तुंबतात, म्हणून परतताना टॅक्सी थेट स्थानकापर्यंत करू नका. चल्लघट्टाला उतरून मेट्रो घ्या, गाडी चुकणार नाही. मोठ्या बॅगा स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवा. त्यांना कुलूप लागतं, नुसत्या चेनवर घेत नाहीत. पार्कातल्या भाड्याच्या कपाटात सुटकेस मावत नाही.

तिकीट उंचीवर असतं, वयावर नाही. 85 ते 140 सेंटीमीटरमध्ये मुलाचं, त्याखाली मोफत. घरी भिंतीला टेकवून मोजून जा. आणि सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत. प्रत्येकाला नायलॉनचे दोन जोड शिवून न्या, म्हणजे तिथे भाड्याने घ्यावे लागणार नाहीत.

याच सुट्टीतला एक तोटा सांगायला हवा. वर खोपोलीसाठी दसऱ्याची सुट्टी फायद्याची म्हटली, तीच बेंगळुरूकडे उलटी पडते, कारण सगळा कर्नाटकच सुट्टीवर असतो. वंडरलाला जायचं तर शनिवार-रविवार आणि दसऱ्याचे मधले दिवस सोडूनच खोली पाहा.

प्रश्न : रामोजी फिल्म सिटीला राहण्यासाठी हैदराबादेत चारमिनारजवळ हॉटेल स्वस्त दिसतं. घ्यावं का? (चिक्कोडी)

उत्तर : नको. रामोजी शहराच्या पूर्वेला, विजयवाडा महामार्गावर आहे आणि ती सकाळी नऊला उघडते, इतर पार्कांसारखी अकराला नाही. चारमिनारहून सकाळच्या गर्दीत शहर ओलांडण्यातच दीड तास जातो. एल. बी. नगरजवळ राहा, मेट्रोची लाल मार्गिका तिथेच संपते आणि पुढचा रस्ता सरळ आहे. आतच राहायचं असेल तर तिथल्या हॉटेलांपैकी सितारा महागडं आणि तारा त्याहून स्वस्त. आतल्या मुक्कामात प्रवेश धरलेला आहे का, हे आधी विचारा, नाहीतर दोनदा पैसे भरले जातील.

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत असतात. या मे महिन्यात आम्हा दोघांना (वय 64 आणि 60) आणि 4 व 8 वर्षांच्या नातवंडांना ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला न्यायचं म्हणतात. जावई म्हणतात बाहेर घर भाड्याने घेऊ, मुलगी म्हणते डिस्नेच्याच हॉटेलात राहू. दोघांचंही पटतं. (निवृत्त अधिकारी, निपाणी)

उत्तर : तिथे चित्र आपल्यापेक्षा उलटं आहे, सकाळच मोलाची. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. त्या अर्ध्या तासात ज्या खेळाला पुढे तासभर रांग लागते तो उरकतो. दुसरं, डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्काचं वाहनतळ त्याच्या दाराशी नाही. गाडी तळ्यापलीकडे लावून मोनोरेल किंवा बोटीने यावं लागतं. हॉटेलच्या बसेस मात्र थेट दारापाशी सोडतात. 4 वर्षांचं मूल आणि दोन ज्येष्ठ बरोबर असताना जाता-येता हा फरक जाणवतो.

अडचण माणसांची आहे. तुम्ही सहा जण, आणि डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांतल्या साध्या खोलीत चारच जण चालतात. दोन खोल्या घ्या किंवा आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, ऑल-स्टार म्युझिक या हॉटेलांतले सहा जणांचे फॅमिली सुइट पाहा. त्यांत छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असतो, पण शेगडी नसते. भाकरी-आमटीशिवाय तुमचं चालणार नसेल तर जावयांचं बरोबर आहे, डिस्नेजवळच्या किसिमी भागातल्या घरांत पूर्ण स्वयंपाकघर मिळतं. मग गाडी लागते, पार्काचं वाहनतळ-शुल्क रोज द्यावं लागतं, आणि 4 वर्षांच्या नातवासाठी गाडीत मुलाची खुर्ची फ्लोरिडाच्या कायद्याने बंधनकारक आहे. घराच्या भाड्यावर सफाईचा आकार वेगळा असतो, बाहेरच्या हॉटेलांत ‘रिसॉर्ट फी’ असते. दोन्ही आकार धरूनच तुलना करा, नाहीतर स्वस्त वाटलेलं महाग पडतं.

आमचा कौल : चार दिवसांपर्यंत राहणार असाल तर मुलीचं ऐका, आठवडाभर असाल तर जावयांचं. मेच्या अखेरीपासून तिथे दुपारी गडगडाटी पाऊस सुरू होतो, विजा चमकल्या की उघड्यावरचे खेळ थांबतात. त्या वेळेला खोलीवर येऊन झोपता येणं ही डिस्नेच्या हॉटेलची खरी किंमत.

प्रश्न : एका हॉटेलचा दर 7,400 आणि दुसऱ्याचा 7,600 रुपये. दुसऱ्यात नाश्ता आहे. फरक दोनशेचाच ना? (बैलहोंगल)

उत्तर : नाही. एका दिवसाच्या खोलीच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या भाड्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर 18 टक्के. पहिली खोली 7,770 ला पडेल, दुसरी 8,968 ला. फरक 1,198 रुपयांचा. तुम्ही तिघे-चौघे असाल तर नाश्ता बाहेर तेवढ्यात होतो का ते पाहा, शिवाय हॉटेलला ‘नाश्ता वगळून दर काय?’ विचारा. बऱ्याचदा तो 7,500 च्या खाली येतो. ऑनलाइन दिसणारा दर कर धरून आहे की वगळून, हे शेवटच्या पानावरच कळतं, तिथपर्यंत जाऊनच दोघांची तुलना करा.