लेबल श्टायनरचं, हात क्लोत्झचा

प्रश्न : नमस्कार सर, जर्मनीत फिरताना आम्ही आल्प्समधल्या मिटेनवाल्ड गावातलं व्हायोलिनचं म्युझियम बघितलं. सगळी तिथल्याच कारागिरांची जुनी व्हायोलिनं, क्लोत्झ हे आडनाव तर जिकडे तिकडे. घरी आल्यावर वाचलं की मिटेनवाल्डच्या कितीतरी व्हायोलिनांत याकोब श्टायनर या दुसऱ्याच कारागिराच्या नावाचं लेबल सापडतं. मग खरं कोणाचं ते ओळखायचं कसं? आणि एवढ्याशा गावात इतके व्हायोलिनवाले आले कुठून?

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेतो, म्हणजे पहिला सोपा जाईल. मिटेनवाल्ड हे आउग्सबुर्ग ते व्हेनिस या व्यापारी रस्त्यावरचं गाव, १४८७ मध्ये त्याच भागातल्या बोल्झानो शहराचा मोठा बाजार तिथे हलला आणि जवळजवळ दोनशे वर्षं गावाची भरभराट होती, मग १६७९ ला बाजार परत गेला आणि लोकांचं उत्पन्नच आटलं. माटियास क्लोत्झ (१६५३–१७४३) हा तिथलाच, त्याने इटलीत पादुआला एका ल्यूट (जुनं तंतुवाद्य) बनवणाऱ्याकडे काम केलं होतं, तो गावी येऊन व्हायोलिनं करायला लागला, पुढे मुलं, नातवंडं, शेजारपाजारचे सगळे त्यात आले. लाकूड तर आसपासच्या डोंगरातच, वरच्या पाटीला स्प्रूस आणि पाठीला मेपल.

आता लेबल. श्टायनर इन्सब्रुकजवळच्या आबझामचा, १६८३ ला वारला, आणि अठराव्या शतकात तिकडे त्याच्या व्हायोलिनांना इटलीतल्या नामांकित स्ट्राडिव्हारीच्या व्हायोलिनांपेक्षाही जास्त मान होता. मिटेनवाल्डवाले त्याच्याच घाटाची, फुगीर पोटाची व्हायोलिनं करायचे. अशा व्हायोलिनात श्टायनरचं लेबल चिकटवलं की भाव वाढला, एवढं सोपं गणित! साल्झबुर्गला मोझार्टचं म्हणून जपलेलं व्हायोलिनसुद्धा क्लोत्झ घराण्यातल्या कोणाचं तरी आहे असं मानतात. मला या कारागिरांचं फार वाईट वाटतं, काम त्यांचं आणि नाव दुसऱ्याचं.

म्हणून जाणकार लेबल सगळ्यात शेवटी बघतात. एफ-होल (वरच्या पाटीवरचं एफ आकाराचं भोक) कुठे कसा कापलाय, स्क्रोलची (मानेच्या टोकाच्या गुंडाळीची) वळणं किती खोल, आतले कोपऱ्यातले ठोकळे कसे बसवलेत, वॉर्निशचा रंग, हे सगळं हस्ताक्षरासारखं असतं. स्प्रूसच्या वर्षवलयांवरूनही कळतं की झाड निदान कोणत्या सालापर्यंत जिवंत होतं, पाटीवरचं शेवटचं वलय १७२० चं निघालं तर १६७० चं लेबल खोटंच, पण बनवणारा कोण ते वलयं सांगत नाहीत. त्यासाठी शेजारी ठेवायला खात्रीचं दुसरं व्हायोलिन लागतं आणि ते पुरवायचं काम अशा गावच्या म्युझियमचं. एका घराण्याच्या दोन-तीन पिढ्या एका जागी बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे हो.

त्यातही कोणी हात न लावलेलं व्हायोलिन मिळालं तर सोनंच, कारण एकोणिसाव्या शतकात मोठ्या हॉलसाठी जोरकस आवाज हवा म्हणून बहुतेक जुन्या व्हायोलिनांच्या माना (तारांखालचा हातात धरायचा दांडा) बदलून लांब आणि तिरक्या केल्या, आतली बास बारही (पाटीला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) जाड बसवली. मूळ मान शाबूत असलेलं क्वचितच दिसतं.

पुन्हा गेलात तर काचेसमोर थोडं वाकून व्हायोलिन बाजूने बघा. समोरून फुगीरपणा कळतच नाही, कडेने मात्र आधी कडेजवळचा खोलगट भाग आणि मग एकदम वर चढलेलं पोट स्वच्छ दिसतं.