पैसाच नसेल तर कोण कशाला राबेल?

पत्र: ताई, माझी मुलगी 23 वर्षांची आहे. परवा म्हणाली, पुढे असं जग येईल की पैसाच लागणार नाही, सगळं यंत्रं पुरवतील, आणि तरीही माणसं काम करतील, आवडीनं करतील. मी म्हटलं, फुकट कोणी काडी हलवत नाही. शब्दानं शब्द वाढला आणि मी बोलून गेलो, "बापाच्या पगारावर बसून अशी स्वप्नं बघता येतात." तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. तुम्हीच सांगा, आमच्यात बरोबर कोण? – एक बाप

उत्तर: नमस्कार. तुमच्या पत्राचा एक तुकडा मी वर मुद्दाम गाळलाय, कारण त्याबद्दल जरा सविस्तर बोलायचंय. ओळख करून देताना तुम्ही लिहिलंत की हिशेब खात्यात 27 वर्षं झाली, त्या कामात जीव कधी रमला नाही, आणि विरंगुळा म्हणून ओळखीच्यांची बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करता. मध्यंतरी शेजाऱ्यांचं भिंतीवरचं जुनं घड्याळ खोललंत, एकेक चाक ब्रशनं साफ केलंत, स्प्रिंग नीट बसेना म्हणून रात्री दीडपर्यंत जागलात. शेजारी पैसे देऊ लागले तर घेतले नाहीत, उलट तुम्हाला रागच आला. आणि पुढच्याच पानावर हेच गृहस्थ लिहितात, फुकट कोणी काडी हलवत नाही! अहो, मुलीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार तिच्या घरातच आहे.

ती बरोबर आहे, पण अर्धीच. ऑस्ट्रियात मारिएंथाल नावाचं एक गाव होतं, एका कापड गिरणीवर जगणारं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव घरी बसलं. 1931-32 मध्ये काही संशोधक तिथे गेले. भत्ता तुटपुंजा होता, हलाखी होती, तेव्हा ते गाव म्हणजे काही तुमच्या मुलीचं सुखी जग नव्हे. तरी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वेळच वेळ हाताशी असताना लोकांनी वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आणलं, तेही वाचनालयानं शुल्क माफ केल्यावर! संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला, तर पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालायचे. दिवसभरात काय केलं, हे त्यांना धड सांगता येईना. काम गेलं की पगार जातोच, पण 'माझी कोणीतरी वाट बघतंय' हेही जातं. त्यामुळे पैसा नसलेल्या जगात माणसं नुसती लोळत पडतील, असं मला वाटत नाही. फार दिवस लोळणं आपल्याला जमतच नाही.

कॅनडातल्या डॉफिन गावात 1970च्या दशकात कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देऊन पाहिली होती. तिथेही लोकांनी घाऊक नोकऱ्या सोडल्या नाहीत. काम ठळकपणे कमी केलं ते तान्ह्या बाळांच्या आयांनी आणि शाळेत टिकून राहिलेल्या पोरांनी. यात आळस कुठे दिसतो?

आता तुमची बाजू. घड्याळ उघडायला हौशी माणसं मिळतील, पण तुंबलेलं गटार उपसायला? सुखी जगाची चित्रं रंगवणारे नेमके इथेच अडखळतात. इंग्रज लेखक थॉमस मोरनं 1516 मध्ये कल्पिलेल्या बेटावर पैसा नव्हता, दिवसाला फक्त सहा तास काम होतं, सोन्याचा उपयोग शौचाची भांडी करायला. पण जनावरं कापणं, भोजनगृहातली घाणेरडी कामं? ती गुलामांकडे. फ्रेंच विचारवंत शार्ल फूरियेनं तर आपल्या कल्पनेतल्या समाजात घाणीची कामं लहान मुलांना द्यायचं ठरवलं, का, तर त्यांना चिखलात खेळायला आवडतं. (मुलं वाढवलेल्या कुठल्याही बाईला त्यानं आधी विचारायला हवं होतं.)

आणि मारिएंथालबद्दल एक सांगायचं राहिलं. पुरुष रेंगाळत होते तेव्हा बायका मात्र लगबगीनं चालत होत्या. गिरणी बंद पडली म्हणून त्यांचं स्वयंपाक, धुणं, पोरं यातलं काहीच थांबलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018च्या अहवालानुसार जगात रोज 16.4 अब्ज तास बिनपगारी घरकाम आणि देखभाल होते, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त बायका करतात. म्हणजे पैशाविना काम चालतं, आजही चालतंय. फक्त ते कोणाच्या गळ्यात पडायचं हे बहुतेक वेळा विचारून ठरत नाही. तुमच्या वादात हा मुद्दा दोघांनाही सुचला नाही, याचं मला जरा नवल वाटलं.

पण खरं सांगू? तुम्हाला लागलं ते वेगळंच. माणसं आवडीनं काम करतील, असं ती म्हणाली आणि तुम्हाला ऐकू आलं की, बाबा, तुमची 27 वर्षं फुकट गेली. तिच्या मनात तसं असेल असं तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही. नावडतं काम तुम्ही तिच्यासाठी केलंत, त्याचं मोल आहेच. पण ते मोल तिच्यासमोर पगाराच्या भाषेत काढलंत, तिथे घोळ झाला. 23व्या वर्षी बापाच्या पैशावर असणं तिलाही आतून टोचत असणार. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

तेव्हा आधी त्या एका वाक्याची माफी मागा, आणि त्यापुढे 'पण' जोडू नका. वाद त्याच दिवशी पुन्हा काढायचा नाही. थोडे दिवस जाऊ द्या, मग तिला सांगा की हिशेबाचं काम तुम्हाला कधी आवडलं नाही. पत्रावरून वाटतं, हे तुम्ही तिला कधी सांगितलेलं नाही. ते ऐकल्यावर तिचं ते स्वप्न तुमच्यावरचा शेरा नव्हता, हे तुम्हा दोघांनाही कळायला सोपं जाईल.

त्यानंतर खुशाल वाद घाला, आणि तिला गटाराचं विचारा. ती बहुधा म्हणेल, पाळीपाळीनं करू. मग विचारा, पाळीला जो येणारच नाही त्याचं काय करायचं? टोमणा म्हणून नको, खरंच उत्तर हवंय अशा सुरात विचारा. ती काय म्हणाली ते मलाही कळवा.