शब्दांची विचारपूस : जत्रेतला ‘फेअर’ आणि न्यायातला ‘फेअर’

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. ‘फेअर’ या शब्दाचे गोरा, न्याय्य, बरा आणि जत्रा असे अर्थ फळ्यावर लिहिल्यावर एका मुलीने विचारले की, जत्रेचा आणि न्यायाचा संबंध काय? मला उत्तर देता आले नाही. कृपया खुलासा करावा.
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे, कारण जत्रेचा आणि न्यायाचा येथे काहीच संबंध नाही. फळ्यावर आपण एक शब्द लिहिलात, पण प्रत्यक्षात ते दोन शब्द आहेत, आणि चांगल्या इंग्रजी कोशात त्यांच्या नोंदीही वेगवेगळ्या असतात. पहिला ‘फेअर’ अस्सल इंग्रजी आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘फॅगर’ असा लिहिला जाई आणि त्याचा अर्थ ‘सुंदर’ एवढाच होता. सुंदर म्हणजे डाग नसलेले, म्हणून खाडाखोड नसलेली प्रत ती ‘फेअर कॉपी’. मनात डाग नसलेला, म्हणजे पक्षपात न करणारा, तो न्याय्य. आणि अगदी उत्तम नसले तरी दोष काढण्याजोगे नाही, ते ‘बरे’. गोरा हा अर्थ त्या मानाने उशिरा चिकटला. सौंदर्य आणि गोरेपणा यांची ही सांगड आपल्याकडच्या वधू-वर जाहिरातींनी आजही सोडलेली नाही, हे जाता जाता नोंदवतो.

दुसरा ‘फेअर’ लॅटिनमधल्या ‘फेरिया’ या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘फेरिया’ म्हणजे सणाचा किंवा सुटीचा दिवस. सणाला माणसे जमतात आणि माणसे जमली की दुकाने लागतात, म्हणून सणाचा शब्द बाजाराचा झाला. गोव्यातल्या मुलांना हे समजावणे फारसे कठीण नाही. पोर्तुगीजमध्ये याच शब्दाचे ‘फेइरा’ असे रूप झाले. त्याचा एक अर्थ बाजार, आणि शिवाय सोमवार ते शुक्रवार या दिवसांच्या नावांतही तो आहे. शुक्रवार म्हणजे ‘सेश्त-फेइरा’, शब्दशः सहावी फेइरा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हा अशा रीतीने दोन्ही अर्थांनी फेइरा ठरतो. फेस्ताच्या निमित्ताने चर्चच्या आवारात जी ‘फेरी’ भरते, ती याच घराण्यातली.

येथे मात्र सावध राहावे. रायबंदरहून चोडणला नेणारी फेरीबोट या घराण्यातली नाही. ती प्रवास करणे या अर्थाच्या इंग्रजी धातूपासून निघाली आहे, आणि भाड्याला ‘फेअर’ म्हणतात तो तिसरा शब्द, वेगळ्या वर्णलेखनाचा, तिचा सख्खा भाऊ आहे. आपली प्रभातफेरी तर या दोघींचीही कोणी लागत नाही. ती मराठी ‘फिरणे’ या क्रियापदापासून आलेली आहे. म्हणजे गोव्यात एका ‘फेरी’ या उच्चारात पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी असे तीन शब्द येऊन मिळाले आहेत. आपल्या विद्यार्थिनीला हे उदाहरण सांगावे. शब्दांचे ध्वनी जुळले म्हणजे कूळ जुळले असे होत नाही, हे तिला त्यावरून पटेल.

उलट प्रकारही असतो. ‘स्प्रिंग’ म्हणजे झरा, वसंत ऋतू आणि घड्याळातली गुंडाळी. अर्थ एकमेकांपासून कितीही दूर वाटले तरी तिघांचे मूळ एकच आहे, उसळणे. पाणी जमिनीतून उसळते, पालवी फांदीतून फुटते, दाबलेली तार वर उडी घेते. ‘बँक’ शब्दाचे प्रकरण या दोन्हींच्या मधले आहे. नदीचा काठ आणि पैशांची पेढी या कोशात दोन नोंदी आहेत, कारण पहिला शब्द उत्तर युरोपातून आला आणि दुसरा इटलीतल्या सराफांच्या बाकावरून. पण इटालियन लोकांनी बाकासाठीचा तो शब्दही जर्मानिक भाषांकडूनच, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या भाषांकडूनच, घेतला होता, आणि तेथे तो नदीकाठाच्या शब्दाला जाऊन मिळतो.

प्रश्न : रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळत असे आणि म्हणून इंग्रजीत ‘सॅलरी’ हा शब्द आला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हे खरे आहे का? तसेच ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांची आद्याक्षरे, हेही खरे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पहिले अर्धे खरे आहे. ‘सॅलरी’ हा शब्द लॅटिन ‘सालारियुम’पासून आला आणि त्याच्या मुळाशी मीठ या अर्थाचा ‘साल’ आहे, याबद्दल वाद नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी यानेही वेतनाच्या या शब्दाचा मिठाशी संबंध जोडला आहे. पण सैनिकाच्या ओंजळीत पगार म्हणून मीठ घालत, असे तो म्हणत नाही, आणि तसे सांगणारा प्राचीन पुरावाही नाही. रोमन सैनिकाला नाणी मिळत. मिठाची गोष्ट नंतरच्या लोकांनी रंगवली आणि ती सुरस असल्यामुळे टिकली.

दुसरे मुळीच खरे नाही. ‘न्यू’ म्हणजे नवे, त्याचे अनेकवचन ‘न्यूज’, म्हणजे नव्या गोष्टी; फ्रेंचमध्येही बातम्यांना याच धर्तीचा शब्द आहे. आद्याक्षरांपासून शब्द घडवण्याची चाल मुख्यतः विसाव्या शतकातली असून ‘रडार’ आणि ‘लेसर’ ही तिची खरी उदाहरणे होत. त्याआधीच्या कोणत्याही शब्दाचा असा उलगडा कोणी केला, तर त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आपण ‘पगार’ शब्द वापरलात, त्याची हकिगत मात्र मिठाच्या गोष्टीपेक्षा मला अधिक आवडते, आणि ती खरीही आहे. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. इंग्रजी ‘पे’ आणि हा ‘पगार’ दोन्ही लॅटिन ‘पाकारे’पासून निघाले, आणि ‘पाकारे’चा अर्थ शांत करणे असा आहे. दारात उभ्या असलेल्या धनकोला शांत करायचे म्हणजे त्याचे पैसे टाकायचे. इंग्रजीतला ‘पीस’, म्हणजे शांतता, हाही त्याच कुळातला.

प्रश्न : माझी आजी खुर्चीला ‘कदेल’ आणि खिडकीला ‘जनेल’ म्हणत असे. ‘चेअर’ आणि ‘कदेल’ यांत मला काहीसे साम्य वाटते. इंग्रजांनी हा शब्द पोर्तुगीजांकडून घेतला असावा का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

उत्तर : साम्य आपण अचूक हेरलेत, परंतु इंग्रजांनी तो पोर्तुगीजांकडून घेतलेला नाही. दोघांनीही तो वारशात मिळवला आहे. ग्रीकमध्ये ‘काथेद्रा’ म्हणजे बसण्याची जागा. तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तेथून पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘कादेइरा’ झाले, ज्याची आपल्या आजीने ‘कदेल’ केली. फ्रेंचमध्ये तो झिजत झिजत इंग्रजीच्या दारात ‘चेअर’ म्हणून पोहोचला. इंग्रजीत त्याचे अर्थही वाढत गेले. विद्यापीठातले प्राध्यापकपद म्हणजे ‘चेअर’, सभेचे अध्यक्षस्थानही ‘चेअर’. आणि बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते ‘कॅथीड्रल’. जुन्या गोव्यात 1562 मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्याला आपण ‘से कॅथीड्रल’ म्हणतो. त्यातला ‘से’ हा लॅटिन ‘सेदेस’ म्हणजे पुन्हा आसनच. त्यामुळे ‘से कॅथीड्रल’ या नावात आसन दोनदा आले आहे, आणि आजीची कदेल त्यातल्या एकाशी थेट नाते सांगते.

‘जनेल’ पोर्तुगीज ‘जानेला’पासून आले, आणि ‘जानेला’ लॅटिन ‘जानुआ’ म्हणजे दार याच्या लघुरूपापासून. म्हणजे जनेल हे छोटे दार. इंग्रजीतला ‘जॅनिटर’, मूळ अर्थाने दारवान, त्याच शब्दाचा, आणि दारांचा रोमन देव ‘जानुस’ ज्या महिन्याला नाव देऊन गेला तो जानेवारीही त्याच परिवारातला. इंग्रजीचा ‘विंडो’ मात्र पूर्णपणे वेगळा आहे. तो जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेतल्या, ‘वाऱ्याचा डोळा’ या अर्थाच्या जोडशब्दापासून झाला. आपल्या संस्कृतात खिडकीला ‘वातायन’, वाऱ्याची वाट, आणि ‘गवाक्ष’, गाईचा डोळा, असे दोन शब्द आहेत. इतक्या दूरच्या लोकांना भिंतीतल्या भोकाकडे पाहून वारा आणि डोळा हेच आठवावे, यात मला मौज वाटते. इंग्रजी ‘विंड’ आणि संस्कृत ‘वात’ हे शब्द मुळात एकच आहेत, हेही येथे सांगायला हवे.

पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कसे पसरले याचा पद्धतशीर अभ्यास बार्देशातल्या आसगावी 1855 मध्ये जन्मलेल्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दलगादो यांनी केला आणि 1913 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर 1936 मध्ये बडोद्याहून निघाले. आपल्याला पोर्तुगीज येत नसेल तर ते जरूर पाहावे.

प्रश्न : पाण्याची टाकी आणि रणगाडा या दोहोंना इंग्रजीत ‘टँक’ का म्हणतात? आणि आपले ‘टाके’ त्यांच्याकडून आले, की त्यांचा ‘टँक’ आपल्याकडून?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : रणगाड्याचे कारण गुप्ततेचे आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हे यंत्र तयार होत असताना शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्याला मुद्दाम ‘टँक’ म्हणू लागले. ऐकणाऱ्याला पाणी वाहून नेण्याची काही योजना चालू असल्यासारखे वाटावे, एवढाच हेतू होता. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा रणांगणावर उतरले आणि टोपणनाव कायमचे चिकटले. मराठीने येथे ‘रणगाडा’ असा नेमका शब्द घडवला, त्यामुळे आपल्याला हा गोंधळ सोसावा लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज हिंदुस्थानातल्या तलावांना आणि हौदांना ‘टँक’ म्हणू लागले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर गुजराती आणि मराठीतले ‘टांके’, ‘टाके’ त्यांच्या कानावर पडत होते आणि पोर्तुगीजांचा ‘तांक’ही पडत होता. कोशकार दोन्ही वाटा दाखवतात. माझ्या मते दोन्ही शब्दांनी एकमेकांना बळ दिले आणि इंग्रजाला एक निवडण्याची गरजच भासली नाही. गडावरचे कातळात खोदलेले टाके ज्याने पाहिले आहे, त्याला हा शब्द येथे परका वाटणार नाही.

‘मान्सून’च्या बाबतीत मात्र संशय नाही. अरबी ‘मौसिम’, म्हणजे ठरलेला काळ, पोर्तुगीज दर्यावर्दींनी ‘मोंसांव’ केला आणि इंग्रजांनी पुढे ‘मान्सून’. आपला ‘मोसम’ त्याच अरबी शब्दाचा, पण वेगळ्या वाटेने आलेला. त्याच दर्यावर्दींनी मलाय भाषेतला ‘मंतेरी’, म्हणजे आपला संस्कृत ‘मंत्री’, उचलून चिनी अधिकाऱ्यांना लावला. त्यातून इंग्रजीचा ‘मँडरिन’ झाला, आणि आज तो बडा अधिकारी, चिनी भाषा आणि एक संत्रे या तिघांचे नाव आहे.

प्रश्न : इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता?
— एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : ‘रन’. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती, पुढच्या सुधारणेत ‘रन’ या क्रियापदाने सहाशेहून अधिक अर्थ घेऊन त्याला मागे टाकले.

प्रश्न : बाहेरगावच्या एका हॉटेलात ‘विंदालू’ मागवल्यावर त्यात बटाटे आले. आचारी म्हणाला, ‘आलू’ नावातच आहे. त्याला काय सांगावे?
— एक गृहिणी, काणकोण

उत्तर : त्याला सांगावे की नावात लसूण आहे. पोर्तुगीज ‘विन्य द’आल्युश’ म्हणजे वाइन आणि लसूण. त्यात मुरवलेले मांस हा मूळ पदार्थ, आणि गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरीची, म्हणजे माडीची, व्हिनेगर आली. ‘आल्युश’चा ‘आलू’ इंग्रजीच्या उच्चाराने झाला. शिवाय आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेला ‘बटाटा’ हा शब्द हाताशी असताना, गोव्याच्या माणसाने बटाट्याला आलू तरी कशाला म्हणावे?