पेन टॅब्लेटचा कर्सर हलतो पण प्रेशर येत नाही, म्हणजे पेन कितीही दाबलं तरी रेघ जाड होत नाही. विंडोज फॉरमॅट करू का?

नका करू. 'फॉरमॅट मारा' म्हणणाऱ्याला बिघाड शोधायचा कंटाळा असतो, बाकी काही नाही. कर्सर हलतोय म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक आहेत. ड्रायव्हर नसला तरी बहुतेक टॅब माऊससारखे चालतात.

प्रेशर ॲपपर्यंत दोन वाटांनी पोचतं : विनटॅब किंवा विंडोज इंक. ड्रायव्हर एका वाटेवर आणि ॲप दुसऱ्या, की रेघ टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीची. फोटोशॉप मुळात इंकवर चालतं, म्हणून ड्रायव्हरच्या सेटिंगमधली 'यूज विंडोज इंक'ची टिक काढू नका. क्रिटा या चित्रं काढायच्या ॲपात 'टॅब्लेट सेटिंग्ज'मध्ये वाट निवडता येते. बदललीत तर क्रिटा बंद करून परत उघडा.

एवढं करूनही रेघ मठ्ठच, असा एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता. दुकानात दोनदा फॉरमॅट झालेला. दोन्ही वेळा पेनड्राइव्हवरच्या सगळ्या सेटअपसोबत आधी विकून टाकलेल्या टॅबचा ड्रायव्हरही इमानेइतबारे परत बसवलेला! वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर 'विनटॅब32' याच नावाची डीएलएल फाइल (ॲपला विनटॅबची वाट देणारी) विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरमध्ये टाकतात. त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स बघा. कंपनी भलतीच दिसली की चोर सापडला.

मग टॅब काढून ठेवा. जुने-नवे सगळे ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. ती फाइल सिस्टम32 किंवा सिसवाऊ64 यांपैकी कुठल्याही फोल्डरात उरली असेल तर उडवा. 'वापरात आहे' असं आलं तर सेफ मोडमधून, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू करून उडवा. आता कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, बसवा, परत रीस्टार्ट करा आणि शेवटी टॅब जोडा. त्या लॅपटॉपवर एवढ्यानेच काम झालं. मालकाचे ब्रश मात्र दोन्ही फॉरमॅटांत गेले ते गेलेच.

हो, कर्सरच हलत नसेल तर वरचं सगळं सोडा. आधी केबल बदला, कारण नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. हबऐवजी थेट पोर्टात लावा. मधूनच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली वीज वाचवायची टिक काढा. आणि मॅक असेल तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन ड्रायव्हरला ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंगची परवानगी द्या.