विंटर, ऑल-सीझन की एटी? देवरुख-कोल्हापूर फेऱ्यांसाठी टायर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दर आठवड्याला देवरुखहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून कोल्हापूरला जाता. गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांना ताकद असलेली. टायर झिजलेत, मे महिन्यात चारही बदलायचेत. टोरंटोचा भाऊ म्हणतो ऑल-सीझन घे. वाडीतला मुलगा म्हणतो घाटासाठी एटीच (ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यालाही चालणारे टायर) टाका. आणि डिसेंबरात हीच गाडी घेऊन मनालीला जायचा बेत आहे, म्हणून विंटर टायरचंही विचारलंय. चिपळुणात टायरच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयावर थोडं लांब लिहीन, सांभाळून घ्या.

माझं उत्तर आधीच देतो. चारही टायर साध्या हायवे नक्षीचे, कंपनीने दिलेल्या मूळ साईझचे आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे घ्या. विंटर नको, एटी नको. आणि ‘ऑल-सीझन’ या नावासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

भाऊ ऑल-सीझन सुचवतो ते तिकडच्या थंडीच्या हिशोबाने, त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसं रबराच्या प्रत्येक मिश्रणाचं असतं. तापमान एका मर्यादेखाली गेलं की ते आखडायला लागतं. साध्या टायरसाठी ही मर्यादा साधारण ७ अंश सेल्सिअस धरतात. त्याच्या खाली बर्फ नसला, रस्ता कोरडा ठणठणीत असला, तरी टायरची पकड कमी झालेली असते. विंटर टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका (वाळूच्याच जातीची बारीक पूड) जास्त असतं, म्हणून तो शून्याखालीही मऊ राहतो. शिवाय त्याच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. फिनलंडच्या नोकिया गावातल्या कारखान्याने १९३४ मध्ये पहिला विंटर टायर काढला, तोही ट्रकसाठी. आज कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लावावे लागतात. ऑन्टारियोत, म्हणजे तुमच्या भावाकडे, सक्ती नाही, पण लावले तर विमा कंपनीला हप्त्यात सूट द्यावी लागते.

ऑल-सीझन म्हणजे या दोन्हींमधली तडजोड. उन्हाळ्यातही चालतो, हलक्या थंडीतही चालतो, पण कडक हिवाळ्यात विंटर टायरची बरोबरी करत नाही. टायरवर नुसतं ‘एम प्लस एस’ छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ नक्षीचा आकार चिखल-बर्फाला सोयीचा आहे, एवढाच. त्यामागे बर्फावरची चाचणी नसते. तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावर तपासून पास झालेला असतो. भावाला सांगा, टोरंटोत नोव्हेंबर ते एप्रिल चांदणीवालाच टायर हवा. तिथे ऑल-सीझनवर भागवू नकोस म्हणावं, मग गाडी फोर-बाय-फोर का असेना. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते लवकर, पण थांबायचं काम शेवटी रबरावरच असतं.

आता देवरुख. आपल्याकडे पारा सहसा ७ अंशांपर्यंत उतरत नाही. म्हणजे विंटर टायर ज्या कारणासाठी बनला ते कारणच इथे नाही. उलट एप्रिल-मेमध्ये आपला डांबरी रस्ता अनवाणी पायाला चटके देतो, त्यावर ते मऊ रबर भराभर झिजेल आणि ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबेल. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक टायर युरोपच्या वर्गवारीत उन्हाळी गटातलेच असतात आणि कोकणासाठी ते योग्यच आहेत. आपला प्रश्न थंडीचा नाही, पाण्याचा आहे. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर तर त्याच्या दुप्पट. टायर निवडायचा तो या पावसासाठी.

तुमच्या रस्त्याचे मी दोन भाग करतो, कारण दोन्हीकडे टायरला वेगळं काम करावं लागतं.

पहिला भाग घाटाचा. तिथे वेग तीस-चाळीसचा, पाण्याचा थर पातळ. पण त्या पाण्यात ट्रकमधून गळलेलं डिझेल आणि ऑइल मिसळलेलं असतं, वर्षभराची धूळ असते, डोंगर कापलेल्या जागेवरून वाहून आलेली लाल माती असते. जूनच्या पहिल्या सरींना तर हे सगळं साबणासारखं वर येतं. दोन-चार दमदार पाऊस झाले की रस्ता धुऊन निघतो आणि मग तो तेवढा निसरडा राहत नाही. इथे नक्षी किती खोल आहे यापेक्षा रबर कसलं आहे याला महत्त्व. चांगल्या सिलिकाच्या मिश्रणाचा टायर ओल्या डांबराच्या खडबडीतपणात स्वतःला दाबून बसवतो, कडक टायर वरवर घसरत जातो.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘किती किलोमीटर चालेल?’ मला हा प्रश्न कोकणात फार खटकतो. जास्तीत जास्त चालणारा टायर हा बहुधा कडक रबराचा असतो, आणि त्याची किंमत आपण पावसाळ्यात वळणावर मोजतो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर’पुढे एक आकडा छापलेला असेल तर बघा. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकाऊ. त्याच्याच शेजारी ‘ट्रॅक्शन’पुढे एए, ए, बी किंवा सी असतं, ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून तपासलेलं असतं. बी असेल तर तो टायर सोडा. दोन टायर सारखेच वाटले, तर ट्रॅक्शन वरचं आणि ट्रेडवेअर थोडं कमी असलेला उचला. वळणावरची पकड या अक्षरांतून कळत नाही हेही लक्षात ठेवा, पण काहीच न बघण्यापेक्षा ते बरं.

दुसरा भाग मोकळ्या रस्त्याचा. घाट उतरल्यावरचा पल्ला, किंवा रत्नागिरी-मुंबईकडे जाल तेव्हा ६६ नंबरच्या हायवेचं चौपदरी काँक्रीट. तिथे गाडी सहज ऐंशी-नव्वदला जाते आणि सखल जागी, वळवलेल्या रस्त्याच्या तोंडाशी पाणी साचलेलं असतं. टायरच्या खाचांनी ते पाणी बाजूला फेकलं नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिनाचा आवाज किंचित वाढतो आणि ब्रेक दाबला तरी काही होत नाही. असं झालं तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळू उचला.

इथे नक्षीची खोली सगळं ठरवते. नव्या कार टायरला ती सात-आठ मिलिमीटर असते. कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर, आणि ती दाखवायला खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण कोकणच्या पावसात १.६ फार उशिराची हद्द आहे. मी ३ मिलिमीटरवर टायर काढायला सांगतो. त्यातही सोय बघा: ऑक्टोबरमध्ये तीन-साडेतीन उरला असेल तर मेपर्यंत सुक्या रस्त्यावर तो खुशाल वापरा, पावसाच्या तोंडावर बदला. गोटा झालेल्या टायरवर गणपतीला मुंबईहून निघालेल्या, छतापर्यंत सामान आणि आत सहा माणसं असलेल्या गाड्या बघितल्या की माझा जीव खालीवर होतो. मे महिन्यात बदलायचं तुमचं ठरलंय ते अगदी वेळेवर आहे. नव्या टायरचा गुळगुळीत थर उतरेपर्यंत शंभर-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवा, म्हणजे जूनमध्ये टायर तयार असेल.

हवेचंही इथेच सांगतो. ‘पावसात हवा कमी ठेवा, ग्रिप येते’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. साठच्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरवर काम करून एक ढोबळ हिशोब बसवला होता, त्यात टायर पाण्यावर चढण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो. त्या हिशोबाने ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २४ पीएसआयला ८२ वर. कारचा टायर, त्याची झीज, पाण्याची खोली यांनी आकडे पुढेमागे होतात, पण दिशा तीच: हवा कमी, धोका लवकर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा आणि गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीचा.

एटीबद्दल. वाडीतल्या मुलाचा हेतू चांगला आहे, पण ‘घाट म्हणजे एटी’ हे समीकरण चुकीचं आहे. एटीचे मोठे ठोकळे आणि रुंद खाचा कच्च्या रस्त्यासाठी असतात. ज्यांची रोजची वाट कलमांच्या बागेत किंवा चिरेखाणीवर जाते, जीप किंवा पिकअप आहे, त्यांनी जरूर घ्यावेत. तुमचा सगळा रस्ता डांबर-काँक्रीटचा. ओल्या डांबरावर बहुतेक एटी टायर चांगल्या हायवे टायरपेक्षा उशिरा थांबतात, कारण रबर कडक असतं आणि रस्त्याला टेकणारा भाग कमी. आवाज वाढतो, पेट्रोल जास्त जातं. चौपदरीकरणाच्या कामामुळे लाल चिखल लागतो म्हणून विचारत असाल, तर तो चिखल सौम्य एटीच्या खाचांतही गच्च भरून बसतो. तिथे दुसरा गिअर आणि हलका पाय जास्त कामाला येतो. रुंद टायर टाकायचा मोहही टाळा. रुंद टायर दिसायला भरदार, पण पाण्यावर लवकर चढतो.

घेताना तारीख बघा. भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. चारही टायरच्या तारखा जवळपासच्या असू द्या, आणि वर्षाहून जुना माल मी घेऊ देणार नाही. मुंबईकरांच्या गावी उभ्या असलेल्या गाड्यांचंही हेच: नक्षी नव्यासारखी, पण भिंतीला चिरा. पाच-सहा वर्षं झाली की न चाललेला टायरसुद्धा दरवर्षी तपासून घ्यायचा.

ज्यांना दोनच टायर परवडतात त्यांच्यासाठी: नवे दोन मागे लावा. बरेच मिस्त्री ते पुढे लावतात, कारण पुढची चाकं जास्त झिजतात. पण ओल्या वळणावर पुढचं चाक सुटलं तर स्टिअरिंगमध्ये कळतं आणि पाय उचलला की सावरतं. मागचं सुटलं की गाडी गर्रकन फिरते, आणि आंबा घाटात फिरायला जागा नाही.

नवे टायर बसवायच्या आधी जुन्या पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत जात असेल आणि उलट दिशेने ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या टोचत असतील, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेष, बिघडलंय. ते नीट न करता नवे टायर टाकलेत तर तेही तसेच जातील.

मनालीचं. आठ-दहा दिवसांसाठी विंटर टायरचा संच घेण्यात अर्थ नाही. नवे हायवे टायर असले की मनालीपर्यंतच्या सुक्या रस्त्याला अडचण नाही. बर्फ पडला की पोलीस पुढे सोलंग, अटल बोगद्याकडे फोर-बाय-फोर किंवा चाकांना चेन (बर्फात पकड देणाऱ्या साखळ्या) लावलेल्या गाड्याच सोडतात. तिथे स्थानिक टॅक्सी करा, हा माझा आग्रह आहे. बर्फावर गाडी चालवायचा सराव आपल्यापैकी कोणालाच नसतो. तरी न्यायचीच असेल तर टायरच्या साईझच्या चेन घ्या आणि ऑक्टोबरात अंगणात दोन-तीनदा चढवून-उतरवून बघा, हात गारठलेले असताना शिकता येत नाही. तुमच्या गाडीला त्या पुढच्या चाकांना लागतील. वेग चाळीसच्या खाली ठेवायचा आणि सुका रस्ता आला की लगेच काढायच्या, नाहीतर टायर आणि चेन दोन्ही खराब. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण एक पीएसआय उतरतो, म्हणून तिथे सकाळी, गाडी हलवायच्या आधी हवा तपासा. आणि रेडिएटरमध्ये कोणी साधं पाणी ओतलं असेल तर निघण्यापूर्वी काढून योग्य प्रमाणात कूलंट भरा. इथे साधं पाणी खपून जातं, तिथे रात्रीत गोठून रेडिएटर फुटतो.

टायरवरचा पूर्ण साईझ, म्हणजे १६५/८० आर १४ असं जे काही लिहिलंय ते, आणि सध्याच्या टायरवरचे चार आकडे इथे टाका. दुकानदाराने दोन-तीन पर्याय दिले असतील तर त्यांच्या भिंतीचे फोटोही टाका, त्यातला कुठला घ्यावा ते बघून सांगतो.