ध्रुवीय गाळातली चिकणमाती: सुरुवातीला एवढंच बघ

आधी गाळ पाण्यात ढवळून 2 मायक्रॉनखालच्या कणांचा, म्हणजे चिकणमातीचा, अंश वेगळा कर: जाडसर कण खाली बसू दे, वरचं पाणी काढून घे. 2 मायक्रॉनच्या कणाला 10 सेंमी खाली बसायला 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे 8 तास लागतात, 30 अंशांना जेमतेम सव्वासहा. नागपूरच्या उन्हाळ्यात पुस्तकातली वेळ धरलीस तर जाडसर कण खाली बसून जातात आणि स्मेक्टाइट (फुगणारं, फार बारीक चिकणमाती खनिज) उगाच जास्त दिसतं. पाण्याचं तापमान मोजच.

मग हा अंश काचपट्टीवर पसरून, खनिजं ओळखायला त्या एकाच काचपट्टीचे तीन एक्सरे आलेख: हवेत वाळवून, ग्लायकॉल देऊन, 550 अंशांना तापवून. ग्लायकॉल (एक द्रव रसायन) थरांमध्ये शिरून स्मेक्टाइट फुगतं, थरांचं अंतर 17 अँगस्ट्रॉमपर्यंत (1.7 नॅनोमीटर) जातं. (आपल्या काळ्या मातीतलंच हे खनिज, सरावाला तीच घे.)

नवख्यांची ठरलेली चूक: केओलिनाइट (उष्ण, दमट हवामानात जास्त बनणारं चिकणमाती खनिज) दिसलं की 'उष्ण हवामान'! अंटार्क्टिकात हिमनद्या जुने खडक खरवडून तेही आणतात. आधी उगम तपास. कोणतं खनिज किती, त्या टक्केवारीची सूत्रं नंतर.