कौतुक व्हायला लागलं की जप
भावा, बाप्तिस्मा होऊन चारच महिने झालेत आणि तुझ्या प्रार्थनेचं सगळे कौतुक करतात, चांगलंय, पण इथंच जप. माझंही असंच व्हायचं, प्रार्थना देवाशी चालू आणि कान मात्र मागच्या बाकावरच्या 'आमेन'कडे. बायबलमधल्या लूक 18 मधला परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहूदी धर्मपुढारी बघ ना, आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देतो, फक्त शेजारच्या जकातदाराशी स्वतःला मापतो आणि तिथंच सगळं बिघडतं. म्हणून भक्ती संपली की लगेच निघू नकोस, सतरंज्या झटक, चहाचे कप विसळ, कोणाला सांगू नकोस. आणि ज्याच्याशी पटत नाही ना, त्याचा कप आधी घे, प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून, त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले होते. कोणी चूक दाखवली तर तिथल्या तिथे उत्तर नको, एक रात्र जाऊ दे, मग फोन कर.